बीसीडीतलं वजन की कमरेचा बेल्ट? परवा पाऊच सुटला, तेव्हापासून ठरत नाहीये

सुरंगी
नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. गेल्या वर्षी ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) केलं, आतापर्यंत १९ डाइव्ह झाल्या, सगळ्या इथल्याच, गोव्यात ग्रँड आयलंडच्या आसपास. आता स्वतःची बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) घ्यायची आहे आणि गाडी एकाच ठिकाणी अडलीय. खाली जायला लागणारी शिशाची वजनं बीसीडीतच बसतात ती घ्यायची, की साधं जॅकेट घेऊन कमरेला वेगळा वेट बेल्ट बांधायचा?

विचारायचं कारण सांगते. गेल्या रविवारी सुझीज रेकवर (बुडालेल्या जहाजावर) होतो. भाड्याची बीसीडी, दोन्ही बाजूंना वेलक्रोवाले पाऊच, एकेकात ३ किलो. ११ मीटरवर असताना मला वाटायला लागलं की करंट आहे, कारण मी सारखी डावीकडे कलत होते. सरळ होते, परत कलते. मग उजवी बाजू एकदम हलकी वाटली आणि कळलं की मी वर चाललेय. हात लावला तर उजवा खिसा रिकामा!! व्हिजिबिलिटी ३-४ मीटर, बडी (जोडीदार) जेमतेम दिसत होता. मी जॅकेटमधली हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हची दोरी ओढली, तोंडाने हळूहळू हवा सोडत राहिले, आणि तेवढ्यात बडीने माझी फिन धरली म्हणून थांबले. आमच्या इन्स्ट्रक्टरने पाऊच खाली शोधून आणला, परत खोचला, आणि तिथूनच सगळे नीट वर आलो, वाटेत थांबायचा सेफ्टी स्टॉप करून.

होडीत बसल्यावर मी तो वेलक्रो बघितला. त्या काट्यांमध्ये वाळू, दोऱ्याचे धागे आणि कुणाचे तरी केस इतके गच्च भरले होते की चिकटायला जागाच नव्हती. बोटाने दाबला की चिकटतो, जरा ओढला की टर्रकन सुटतो. हे पाण्यात उतरायच्या आधी मी बघायला हवं होतं, ते मान्य. पण आता बीसीडीतल्या वजनावर विश्वासच बसेना. तुम्ही काय वापरता?

पेडण्याचा_पोरगा
बेल्ट. एक पट्टा, एक बकल, मोडण्यासारखं काही नाही. माझा ९ वर्षं चाललाय.

भौतिकमास्तर
सुरंगीताई, सर्वात आधी तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. श्वास धरून ठेवला नाहीत हे फार मोठं काम केलंत. ११ मीटरवर दाब जमिनीवरच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणजे तिथे भरलेलं फुफ्फुस तसंच बंद ठेवून वर आलं तर आतली हवा दुपटीहून जास्त जागा मागते. इजा त्यानेच होते.

आता तुमच्या प्रश्नाआधी माझा प्रश्न. ६ किलो कुणी ठरवलं? तुमचं वजन किती, सूट कुठला, सिलिंडर कुठला? कारण पाऊच सुटल्यावर तुम्ही जितक्या जोरात वर जाता तो जोर त्या शिशाचा असतो. शिशाची घनता ११.३ च्या आसपास, त्यामुळे १ किलो शिसं समुद्राच्या पाण्यात साधारण ९१० ग्रॅमने खाली ओढतं. ३ किलो गेलं म्हणजे पावणेतीन किलोचा धक्का वरच्या दिशेने. शिवाय जास्त शिसं लावलं की ते सावरायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते, आणि जरा वर सरकलं की तीच हवा फुगते आणि अजून वर नेते. म्हणजे तुम्हाला दोन गोष्टी वर घेऊन जात होत्या, गेलेलं शिसं आणि भरलेली हवा. दुसरी तुमच्या हातात होती.

सुरंगी
@भौतिकमास्तर माझं वजन ५६, ३ मिलिमीटरचा सूट, सिलिंडर ॲल्युमिनियमचा ११ लिटरवाला. स्विमिंग पूलमध्ये ४ किलो दिले होते, समुद्रात "२ वाढव" म्हणाले, तेव्हापासून ६ च लावतेय. खरं सांगते, त्यानंतर कुणी तपासलं नाही आणि मीही विचारलं नाही.

भौतिकमास्तर
वाढवायचं कारण बरोबर होतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड. तुम्ही आणि सगळं सामान मिळून ८०-८५ किलो धरलं तर २ किलोचा फरक येतो. पण पूलमधले ४ बरोबर होते हे कुणी पाहिलं होतं? नवशिक्याला दोन किलो जास्तच देतात, कारण तो घाबरून छाती भरभरून श्वास घेतो आणि खाली जातच नाही. १९ डाइव्हनंतर तुमचा श्वास बदललाय. शिसं मात्र पहिल्या दिवसाचंच.

अबोली_मडगांव
मला बेल्ट अजिबात जमत नाही. मणक्याचा त्रास आहे, बेल्टचं सगळं वजन कमरेच्या मागच्या बाजूला बरोब्बर दुखऱ्या जागेवर येतं. वरून कमरेची हाडं काळीनिळी. तीन डाइव्हच्या दिवशी तर रात्री कुशीवर झोपता येत नाही. बीसीडीतली वजनं घेतल्यापासून पाण्यात स्वर्ग आहे. पाण्यात म्हटलं हां, होडीत नाही!! होडीत तेच वजन खांद्यावर येतं. म्हणून मी बीसीडी होडीत घालतच नाही, ती फुगवून पाण्यात सोडायला सांगते आणि पाण्यात जाऊन घालते. फक्त एक लक्षात ठेवायचं, वजनं आत असताना फुगवायला विसरलात तर बीसीडी, सिलिंडर, रेग्युलेटर सगळं तुमच्या डोळ्यांदेखत खाली जाईल. होडीवाल्याला मी दोनदा विचारते, फुगवलंय ना, फुगवलंय ना. तो आता मला बघितलं की आधीच "होय गो बाय" म्हणतो.

डोंगरी_मासा
डॉक्टर म्हणतात वजन कमी करा आणि आपण पैसे देऊन वाढवतोय :)
वाचतोय, चालू द्या.

खारवी_बायणा
होडीवाल्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, माझा भाऊ सीझनभर डाइव्हच्या होडीवर असतो. ऑक्टोबर ते मे. तुम्ही लोक डाइव्ह संपल्यावर पाण्यातून बीसीडी वर देता ना, त्याचा कधी हिशोब केलाय का. सिलिंडर रिकामा १४ किलोच्या वर, थोडी हवा उरलेली, बीसीडी ४ किलो पाणी प्यालेली, आणि त्यात ६-८ किलो शिसं. २५ किलोच्या वरच. आणि हे तो कठड्यावरून खाली वाकून, एका हाताने होडी धरून, होडी हलत असताना उचलतो. दिवसाला वीस-तीस वेळा. बेल्टवाला माणूस आधी बेल्ट देतो मग बाकीचं देतो, दोन फेऱ्यांत काम होतं. बीसीडीत वजनं असलेले लोक सगळं एकदम देतात कारण त्यांच्या लक्षातच येत नाही. तर बीसीडी कुठलीही घ्या, वर देताना आधी दोन्ही पाऊच काढून हातात द्या. बकल धरून नाही, पाऊचची मूठ धरून. तेवढंच मागणं आहे.

अबोली_मडगांव
@खारवी_बायणा हे मी खरंच कधी केलं नाही. पुढच्या वेळेपासून नक्की. भावाला माझा नमस्कार सांगा.

निळूभाऊ
मी शिकवतो, १४ वर्षं झाली, आधी मालवणला, आता इथे. दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेडण्याच्या मित्रा, बेल्टलाही मोडण्यासारखं आहे. ३ किंवा ५ मिलिमीटरचा सूट खाली गेला की दबतो, त्यातले हवेचे बुडबुडे १० मीटरवर निम्मे होतात. होडीत घट्ट वाटलेला बेल्ट खाली सैल होतो. कमरेची ठेवण सरळ असेल तर गोल फिरतो आणि बकल पाठीमागे जातं. मग पाहिजे तेव्हा हाताला सापडत नाही. एकदा एक विद्यार्थी खडकाखाली काहीतरी बघायला डोकं खाली करून वाकला आणि बेल्ट पोटावरून सरकत छातीपर्यंत आला. पूर्ण सुटला असता तर सुरंगीसारखे ३ नाही, ८ च्या ८ किलो एकदम गेले असते. म्हणून खाली पोचलं की आडवं होऊन बेल्ट एकदा आवळायचा, ही सवय पाहिजे. रबरी बेल्ट असेल तर तो सूटबरोबर आवळत जातो, नायलॉनचा नाही जात.

दुसरं, बेल्ट सगळ्यात शेवटी बांधायचा. बीसीडीच्या पट्ट्याखाली किंवा पायांमधून येणाऱ्या पट्ट्यात अडकला तर बकल उघडूनही पडणार नाही. बकल उजव्या हाताने उघडेल असं ठेवायचं आणि शेपूट वीतभर, लांब लोंबती नको.

आता बीसीडीतल्या वजनांचं. त्यात दोन प्रकारचे खिसे असतात आणि लोक गोंधळ करतात. पुढचे दोन सोडता येतात, मूठ ओढली की शिसं खाली. मागचे, सिलिंडरच्या पट्ट्याजवळचे, ते ट्रिमसाठी, म्हणजे शरीर आडवं राहावं म्हणून. तिथलं शिसं पाण्यात सोडता येत नाही. मी अशी माणसं बघितलीत ज्यांनी पुढे टोचतं म्हणून ६ पैकी ४ किलो मागे टाकलं. शरीर झकास आडवं राहतं, पण वर आल्यावर जॅकेट फुटकं निघालं तर सोडणार काय? पुढचे फक्त २ किलो, आणि पाणी कपाळावरून.

आणि हे तुम्हाला घाबरवायला नाही, पण डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या अपघातांच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट परत परत येते, मरण पावलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर वजनं तशीच होती. बेल्ट असो वा पाऊच. वस्तू होती, हात गेला नाही.

पेडण्याचा_पोरगा
@निळूभाऊ बरोबर, रबरी बेल्टच आहे माझा. तरी म्हणतो, घाईच्या वेळी एक ओढ का दोन ओढी? बेल्टला एक.

निळूभाऊ
दोन ओढींचा फायदाही आहे की. वर पृष्ठभागावर एक पाऊच सोडला तरी बहुतेकांना तरंगायला पुरतो, दुसरा राहू दे. आणि खाली एक चुकून सुटला तर दुसरा अर्धं तरी धरून ठेवतो. सुरंगीच्या बाबतीत तेच झालं.

तारकर्ली_रिटर्न
वेलक्रो आणि क्लिप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो इथे कुणी बोललं नाही. जुन्या किंवा स्वस्त भाड्याच्या जॅकेटना नुसता वेलक्रो. नव्यांत कटकन बसणारी यंत्रणा असते. अक्वा लंगचं शुअरलॉक, मॅरेसचं एसएलएस, क्रेसीचं लॉक-एड, प्रत्येकाची बसायची-सुटायची तऱ्हा वेगळी. झीगलचं रिपकॉर्ड तर आणखी निराळं, एक तार ओढली की खिशांची तळं उघडून शिसं खाली पडतं. म्हणजे पेडणेकरांची "एक ओढ" बीसीडीतही मिळते.

पण क्लिपलाही मीठ खातं. तिच्या खाचेत मिठाचे खडे बसले की "कट" आवाज येतो पण जीभ पूर्ण बसत नाही. मी काय करतो ते सांगतो. घरी आल्यावर बादलीभर गोड्या पाण्यात पाऊच वेगळे काढून अर्धा तास बुडवतो, पाण्यातच क्लिप दहा-बारा वेळा उघडबंद करतो, म्हणजे आतलं मीठ सुटतं. आणि होडीवर पाऊच बसवला की मूठ न धरता पाऊचचं अंग धरून खाली जोरात हिसका देतो. मूठ ओढली तर सुटणारच, तो त्याचा धर्म आहे. अंग ओढून सुटला तर बसलाच नव्हता.

वेलक्रोवाल्यात काट्यांची बाजू जुन्या टूथब्रशने घासून काढा. केस तर हमखास असतात.

सुरंगी
टूथब्रश!! हे त्या सेंटरला सांगायला हवं.

कुळागर
मी डाइव्ह करत नाही, मुलगी करते म्हणून वाचतोय. शिशाचा विषय आहे म्हणून विचारतो, आमच्याकडे पागेराच्या (फेकायच्या) जाळ्याला खाली शिशाच्या गोळ्या असतात, आजोबा त्या स्वतः ओतायचे. मुलगी म्हणते आपणच वजनं ओतूया, विकतची महाग आहेत. करावं का?

खारवी_बायणा
नको. आजोबांनी केलं तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. शिसं वितळवताना त्याची वाफ आणि राख अंगात जाते, लहान पोरं घरात असतील तर अजिबात नको. आम्ही जाळ्याच्या गोळ्याही आता तयार आणतो. आणि साचा ओला राहिला तर वितळलेलं शिसं तोंडावर उडतं, हे आमच्या वाड्यावर झालेलं आहे.

भौतिकमास्तर
+१. प्लॅस्टिकचं आवरण असलेली घ्या, हात काळे होत नाहीत. उघड्या शिशाला हात लावून तसेच वडापाव खाणारे मी होडीवर बघितलेत. आधी हात धुवा. छर्ऱ्याच्या मऊ पिशव्या मिळतात त्या कमरेला टोचत नाहीत, पाऊचमध्ये छान बसतात, फक्त शिवण उसवली का बघत जा.

डोंगरी_मासा
अंदमानला जाताना विमानात शिसं न्यायचं का? मोपावर बॅगेचं वजन बघून आधीच घाम फुटतो.

तारकर्ली_रिटर्न
शिसं कशाला न्यायचं, ते सगळीकडे सेंटरवर मिळतं. रिकामे पाऊच मात्र न विसरता न्या!! दुसऱ्या कंपनीचे तुमच्या जॅकेटला बसत नाहीत. मी एकदा मुरुडेश्वरला नेत्राणीसाठी गेलो आणि पाऊच घरी वाळत राहिले. मग उधारीचा बेल्ट. बेल्टवाल्यांचा हा मुद्दा मला मान्य आहे, बेल्ट जगात कुठेही मिळतो.

अबोली_मडगांव
मूळ प्रश्नाकडे येऊया का? सुरंगी, वजनाची तपासणी केलीस का गो?

निळूभाऊ
तपासणी अशी कर. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना, होडीजवळ उभी राहा पाण्यात. जॅकेट पूर्ण रिकामं, रेग्युलेटर तोंडात, नेहमीसारखा श्वास घेऊन धर, पाय हलवू नकोस. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू बुडायला पाहिजे. दगडासारखी गेलीस तर एक किलो काढ. पाणी हनुवटीशी राहिलं तर एक घाल. शेवटीच का, तर तुझा ॲल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असताना थोडा खाली ओढतो आणि रिकामा व्हायला लागला की तरंगायला लागतो. आतली हवाच अडीच किलोच्या पुढे असते, त्यातली दोनएक किलो तू वापरून येतेस. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं तेव्हाच तू सगळ्यात हलकी असतेस, तिथे टिकता आलं पाहिजे.

पेडण्याचा_पोरगा
भरलेल्या सिलिंडरवर बघायचं तर वर दोन किलो धरायचे. सकाळीच होऊन जातं.

निळूभाऊ
चालतं, पण पहिल्यांदा शेवटीच बघितलेलं बरं. अंदाज नको.

सुरंगी
(दहा दिवसांनी) आले परत. काल गेले होते ग्रँड आयलंडला, डाइव्ह संपल्यावर ५२ बार असताना होडीच्या शिडीजवळ तपासणी केली. ६ किलोवर श्वास धरूनसुद्धा मी सरळ खाली गेले. सरळ! ५ वर कपाळावरून पाणी. ४ वर डोळ्यांच्या मध्यावर, श्वास सोडला आणि हळूच खाली. म्हणजे १९ डाइव्ह मी २ किलो फुकट वाहून नेत होते आणि सारखी जॅकेटमध्ये हवा भर, काढ, भर, काढ करत होते. दुसरी डाइव्ह ४ किलोवर केली, ३८ मिनिटांत जॅकेटच्या बटणाला हात मोजून चार-पाच वेळा लागला. एक छोटा रे मासा वाळूवर बसला होता, त्याच्या बाजूला मी वाळू न उडवता थांबू शकले, हे मला आधी कधीच जमलं नव्हतं.

आता ठरवलंय. क्लिपवाली बीसीडी घेतेय, पाऊचमध्ये १-१ किलो आणि रबरी बेल्टवर २. कुठलंही एक सुटलं तरी मी रॉकेट होणार नाही. आणि होय @खारवी_बायणा, काल पाऊच आधी वर दिले. होडीवरचा दादा आधी बघतच राहिला.

पेडण्याचा_पोरगा
दोन जागी वजन म्हणजे घाईच्या वेळी हात कुठे न्यायचा ते ठरलेलं पाहिजे. मला पटत नाही, पण ४ किलोला शाब्बास.

अबोली_मडगांव
मला पटलं. २ किलोचा बेल्ट माझ्या पाठीलाही चालेल बहुतेक.

निळूभाऊ
पेडण्याचा मुद्दा सोडू नकोस सुरंगी. वर आलीस आणि तरंगता येत नाहीये असं झालं तर आधी बेल्ट, मग पाऊच, हा एकच क्रम ठरव आणि बडीलाही सांगून ठेव. उथळ पाण्यात डोळे मिटून तीन-चारदा खरंच सोडून बघ. येत्या रविवारी मी बायणाला आहे, सकाळी ७ ला, दोन-अडीच मीटर पाण्यात करू. कुणाला यायचं असेल तर स्वतःची बीसीडी घेऊन या, भाड्याची आणणार असाल तर टूथब्रशही आणा.

सुरंगी
मी नक्की. फोंड्याहून गाडी आणतेय, दोघांची जागा आहे, सिलिंडर धरून एकाची.

डोंगरी_मासा
मी येतो, सिलिंडर मांडीवर घेईन.

खारवी_बायणा
भावाला सांगतो, छोटी होडी घेऊन बाजूला थांबेल. सोडलेली वजनं कुणीतरी वर काढायला पाहिजेत ना. प्रत्येक पाऊचला रंगीत दोरी बांधून आणा, तिथे गाळ आहे, शिसं पडलं की दिसत नाही.